घरच्या थिएटरला वेगळा अँप: आधी सप्लाय बघा, मग वॅट

रिसीव्हर आहे, पाच स्पीकर आहेत, सबवूफरही आहे. तरी सिनेमात मारामारी सुरू झाली की आवाज फाटतो आणि त्यात संवाद बुडून जातात. अशा वेळी बेळगावात सल्ल्याला तोटा नसतो. दुकानदार म्हणतो, मोठा रिसीव्हर घ्या. गणपती मंडळातला दोस्त म्हणतो, आपल्या डॉल्बीवाल्याकडं जुना अँप पडून आहे, घेऊन जा की. रिपेरीवाला म्हणतो, चार दिवस द्या साहेब, दोनशे वॅटचा असेंबल करून देतो. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य असतं, पण 'तुम्हाला अँप लागतो का' हे कुणीच विचारत नाही.

ज्यांनी आजवर वेगळा पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा स्वतंत्र डबा) लावलेला नाही, पंधरा-वीस हजारांच्या पुढं जायची इच्छा नाही आणि घर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ किंवा कारवारच्या बाजूला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घर कुठं आहे ते मुद्दाम धरलंय. अँप निवडताना घरात येणारी वीज कशी आहे, याचा फार संबंध येतो. तो पुढं येईलच.

आधी फुकटचे उपाय

रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर सेटिंग उघडा. तिथं पुढचे स्पीकर 'लार्ज' असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. 'स्मॉल' हा शब्द वाचून कुणी कमीपणा मानू नये. ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज सबवूफरकडं जातो, आणि अँपची सगळ्यात जास्त ताकद खाणारा भाग तोच असतो. सबवूफरला त्याचा स्वतःचा अँप असतो, त्याला ते काम करू द्या. एवढ्या एका बदलानं आवाज फाटायचा थांबला, अशी घरं मी पाहिली आहेत.

संवाद कळत नसतील तर सेंटर स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलनं वाढवा. सेंटर शोकेसच्या खणात आत ढकललेला असेल तर तो पुढच्या काठापर्यंत ओढा. खाली टाइल्स, समोर काच, भिंती मोकळ्या अशा हॉलमध्ये आवाज घुमतो. तिथं एक सतरंजी आणि जाड पडदा जे काम करतो ते कुठलाही अँप करत नाही.

मल्टिमीटर घ्या आणि गरज मोजा

आता खरी चाचणी. साधा डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. इंटरनेटवरून १२० हर्ट्झची, वजा १२ डेसिबल पातळीची टेस्ट टोन उतरवून घ्या. मग नेहमीचा सिनेमा लावा आणि घरातली माणसं ओरडायच्या आत जितका आवाज तुम्ही कधीकाळी ठेवता, तितका ठेवा. रिसीव्हरवरचा व्हॉल्यूमचा आकडा लिहून घ्या.

रिसीव्हर बंद करा. पुढच्या डाव्या स्पीकरच्या दोन्ही वायरी रिसीव्हरच्या मागून काढा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका. रिसीव्हर पुन्हा चालू करून स्टिरिओ मोडवर घ्या, व्हॉल्यूम त्याच आकड्यावर आणा आणि टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना रिकाम्या झालेल्या लाल-काळ्या टर्मिनलला लावा. आकडा येईल.

समजा ४ व्होल्ट आले. टोन कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली आहे, म्हणजे सिनेमातला सगळ्यात मोठा धमाका चौपट व्होल्टेज मागेल: १६ व्होल्ट. सोळाचा वर्ग २५६, त्याला स्पीकरच्या ८ ओहमनं भागा. उत्तर ३२ वॅट. तुमची एवढीच गरज आहे आणि ती साधा रिसीव्हर भागवतो. ७ व्होल्ट आले तर २८ चा वर्ग ७८४, भागिले ८, म्हणजे ९८ वॅट. इथं मात्र स्वस्त रिसीव्हर दमतो. स्पीकर ४ ओहमचा असेल तर चारनं भागायचं, म्हणजे गरज दुप्पट होते.

ही चाचणी केल्यावर बऱ्याच जणांचा अँप घ्यायचा बेत तिथंच रद्द होतो. पैसे वाचले; सबवूफर किंवा चांगला सेंटर घ्या.

मीटर नसेल तर कागदावर अंदाज काढता येतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते. समजा ८८ डेसिबल: एका वॅटला, एका मीटरवर. तुम्ही तीन मीटरवर बसता, तिथं मोकळ्या हवेच्या हिशेबानं साडेनऊ डेसिबल कमी होतात, उरतात साडेअठ्ठ्याहत्तर. सिनेमाची प्रमाण पातळी धरली तर पुढच्या एकेका चॅनेलचा, म्हणजे एकेका स्पीकरच्या वाट्याचा, धमाका १०५ डेसिबलपर्यंत जातो. घरात कुणी तेवढा ठेवत नाही. दहा डेसिबल खाली, म्हणजे ९५ धरा. साडेसोळा डेसिबल भरून काढायला साधारण ४५ वॅट लागतात. खोलीच्या भिंती थोडी मदत करतात, म्हणजे त्याहून कमीच. पण हट्टानं पूर्ण १०५ गाठायचे म्हटले तर तोच हिशेब साडेचारशे वॅटवर जातो. वडगाव-शहापूरच्या गल्लीत, जिथं दोन घरांत एकच भिंत असते, तिथं हा हट्ट परवडणारा नाही, अँपचे पैसे असले तरी.

यातून आणखी एक गोष्ट कळते. ५० वॅटचा अँप काढून १०० वॅटचा लावला तर मिळतात फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळं ८० वॅटच्या रिसीव्हरला १०० वॅटचा वेगळा अँप जोडण्यात काही अर्थ नाही.

रिसीव्हरच्या पाठीवर 'प्री आऊट' आहे का

अँप बघायच्या आधी रिसीव्हर फिरवून बॅटरीच्या उजेडात मागची बाजू वाचा. वेगळ्या पॉवर अँपला सिग्नल द्यायला 'प्री आऊट' लिहिलेली लाल-पांढरी भोकं लागतात. स्वस्त रिसीव्हरना बहुतेक वेळा फक्त सबवूफरचं प्री आऊट असतं, पुढच्या स्पीकरांचं नसतं. डेनॉनचा एव्हीआर-एक्स३८००एच घेतला तर त्याला सगळ्या ११ चॅनेलांची प्री आऊट आणि चार सबवूफरची आहेत, पण तो आपल्या बजेटच्या बाहेरचा पाहुणा. वापरलेल्या बाजारात मात्र जुने, एकेकाळचे महागडे रिसीव्हर मिळतात, आणि त्यातल्या अनेकांना पूर्ण प्री आऊट असतात. नव्या फीचरांचा मोह नसेल तर मी तोच रस्ता सुचवीन.

इथं हमखास दोन घोटाळे होतात. 'टेप आऊट' किंवा 'रेक आऊट' म्हणजे प्री आऊट नव्हे. तिथून येणाऱ्या सिग्नलवर रिसीव्हरच्या व्हॉल्यूमचा ताबा नसतो. त्याला थेट पॉवर अँप जोडला तर पहिल्याच सेकंदाला पूर्ण ताकदीनं आवाज येईल. आणि 'झोन २' चं प्री आऊट दुसऱ्या खोलीसाठी असतं, सिनेमाचा पुढचा डावा-उजवा म्हणून ते चालत नाही.

प्री आऊट नाहीच, तर स्पीकरच्या वायरीतून सिग्नल काढणारी छोटी डबी मिळते. गाडीत ती ठीक आहे. घरात तिच्यासाठी पैसे घालू नका, कारण सिग्नल तरीही रिसीव्हरच्या त्याच अँपमधून येतो. तो फाटला की फाटलेलाच सिग्नल मोठा होऊन बाहेर पडणार.

खोक्यावरचा वॅट आणि आतला सप्लाय

पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद म्हणून छापलेला) हा आकडा वाचूच नका, त्याला कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही. आरएमएस (सलग मिळणारी ताकद) लिहिलेलं असलं तरी बारीक अक्षरं वाचा. एक चॅनेल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) असं मोजलं की आकडा फुगतो. दोन चॅनेल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि ०.०८ टक्के डिस्टॉर्शनला जो आकडा दिलेला असतो, तो तुलनेला धरायचा. पाचही चॅनेल एकदम चालवले तर तोही खाली येतो.

पण माझं सांगणं याच्याही पुढचं आहे. खोक्यावर काहीही छापलेलं असो, अँप बाहेर किती देणार हे त्याच्या सप्लायवरून, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या भागावरून, घरबसल्या काढता येतं. बोअरला अर्धा इंच पाणी असताना दहा एचपीची मोटर बसवली तर जे होतं, तेच लहान सप्लायवरच्या मोठ्या अँपचं होतं.

हल्ली मिळणारे तळहाताएवढे क्लास डी (वीज कमी वाया घालवणारे, कमी तापणारे) अँप बघा. फोसी, आयिमा वगैरे चिनी नावं. यांच्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असते: लहानात टीपीए ३११६, मोठ्यात टीपीए ३२५५. सोबत लॅपटॉपसारखा अडॅप्टर येतो. अडॅप्टरच्या व्होल्टेजचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीनं भागा. २४ व्होल्टचा अडॅप्टर, ८ ओहमचा स्पीकर: ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॅट. ३२ व्होल्टला ६४. ४८ व्होल्टला १४४. हा वरचा कठडा समजा, प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं.

दुसरा हिशेब अँपिअरचा. ४८ व्होल्ट ५ अँपिअर म्हणजे एकूण २४० वॅट, दोन्ही चॅनेल मिळून. खोक्यावर 'तीनशे वॅट दोनदा' लिहिलेलं असेल तर २४० वॅटच्या अडॅप्टरमधून सहाशे कुठून येणार? तो आकडा चिपच्या कमाल क्षमतेचा असतो, ४ ओहम आणि १० टक्के डिस्टॉर्शनला. तरीही ८ ओहमच्या साध्या बुकशेल्फ स्पीकरला हा अँप भरपूर होतो, कारण सिनेमातला सरासरी आवाज धमाक्याच्या मानानं खूप खाली असतो. एकच अँप दोन अडॅप्टरांसह विकायला असेल तर मोठ्या व्होल्टेजचा घ्या. आणि अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का व 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. दोन पिनांचा अडॅप्टर टाळा. त्यावर अँपच्या धातूच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

असेंबल अँप

सीमाभागात अजून असे रिपेरीवाले आहेत, जे टेबलावर बसून अँप उभा करून देतात. बहुतेकांचा माल ठरलेला: ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोड्या असलेला तयार बोर्ड, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा, पुढं निळा एलईडी. ही जोडी चांगली आहे, पण तिच्या नकली मालाचा बाजारात सुळसुळाट आहे.

यालाही सप्लायचाच प्रश्न विचारायचा: "ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा, किती अँपिअरचा?" उत्तर आलं '२४-०-२४, ५ अँपिअर', तर गणित असं. २४ ला १.४१ नं गुणा, साधारण ३४. डायोड आणि ट्रान्झिस्टर आपला वाटा खाऊन तीसेक व्होल्ट उरतात. तीसचा वर्ग ९००, भागिले १६: छप्पन वॅट. बोर्डवर 'दोनशे वॅट' छापलेलं असलं तरी ८ ओहमला छप्पनच. याला लबाडी म्हणता येणार नाही. बोर्ड दोनशे झेपवू शकतो, त्याला तेवढं खायला मिळत नाही इतकंच. आणि ट्रान्सफॉर्मर ४८ गुणिले ५, म्हणजे २४० व्हीएचा. दोन चॅनेलांना तो पुरतो. पाच चॅनेल त्याच्यावर लादायला कुणी निघालं तर नको म्हणा.

पैसे द्यायच्या आधी झाकण उघडून घ्या. चांगला कारागीर स्वतःच हौसेनं उघडून दाखवतो. मला बघायला आवडते ती स्पीकर प्रोटेक्शनची छोटी पट्टी: चौकोनी रिले असलेली, चालू केल्यावर तीनेक सेकंदांनी 'टक' असा आवाज करणारी. ती नसेल तर अँप घेऊ नका. आतला एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की तीस-बत्तीस व्होल्टचा डीसी सरळ स्पीकरमध्ये जातो आणि व्हॉइस कॉइल (स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी) जळते. रिले मध्येच लाइन तोडतो. मग हीटसिंकला हात लावा. ट्रान्झिस्टर आणि अॅल्युमिनियम यांच्यात अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट दिसली पाहिजे. तीन पिनांच्या कॉर्डमधली हिरवी वायर पत्र्याच्या डब्याला स्क्रूनं घट्ट बसवलेली हवी. शेवटी मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून, स्पीकर न जोडता, आऊटपुट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. शंभरच्या वर गेला तर तिथंच ठेवून या.

आवाजाच्या शुद्धतेत चांगला क्लास डी अँप यापेक्षा सरस निघेल. पण क्लास डीचा बोर्ड गेला की तो टाकून द्यायचा असतो, आणि असेंबल अँप नंदगड-खानापूरच्या बाजारात त्याच दिवशी चालू होऊन मिळतो. तुमच्या जवळ हात चांगला असलेला, शब्दाला जागणारा माणूस असेल तर असेंबलला नाकं मुरडायचं कारण नाही.

डॉल्बीवाल्याचा जुना अँप

ताकद भरपूर, किंमत कमी, आणि दणकट. पण मागचा पंखा सिनेमातल्या शांत प्रसंगात विमानासारखा ऐकू येतो. त्यात मिरवणुकीत वर्षानुवर्षं तापलेला अँप किती उरलाय, ते सांगणं अवघड. नवा घ्यायचा म्हटलं तर क्राउनचा एक्सएलएस १००२ ८ ओहमला २१५ आणि ४ ओहमला ३५० वॅट देतो, त्याला लाल-पांढऱ्या पिनाही थेट लागतात. बजेट ताणायची तयारी असेल आणि स्पीकर ४ ओहमचे, अवघड असतील तर तो विचारात घ्या. लाऊडस्पीकरवाल्यांकडचे १०० व्होल्ट लाइनचे अँप भाषणासाठी असतात. ते घरी आणू नका.

किती चॅनेल घ्यायचे

पाचही चॅनेलांना वेगळा अँप लागत नाही. मागच्या सराऊंडांना काम थोडं असतं, ते रिसीव्हरवर राहू द्या. पुढचे तीन, म्हणजे डावा, उजवा आणि सेंटर, बाहेर काढता आले तर उत्तम. सिनेमाचा बहुतेक आवाज तिथूनच येतो, आणि ते बाहेर गेले की रिसीव्हरचा सप्लाय मागच्यांसाठी मोकळा होतो. पैसे कमी असतील तर दोन चॅनेलचा एकच अँप घेऊन डावा-उजवा त्यावर टाका; रिसीव्हरवरचा भार हलका झाल्यामुळं सेंटरलाही श्वास मिळतो. पुढं कधी एका चॅनेलचा मोनो अँप सेंटरसाठी जोडता येईल.

घरातली वीज

बेळगाव, धारवाड, उत्तर कन्नड या भागाला हेस्कॉमची वीज येते. कागदावर २३० व्होल्ट. पण गावाच्या टोकाला, संध्याकाळी सगळीकडं पंप आणि गिरण्या चालू असताना, किंवा शेजारी मागाचा कारखाना असताना, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये घालून बघा. शनिवारी रात्री, म्हणजे सिनेमा बघायच्या वेळेलाच बघा.

समजा १९० मिळाले. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अँपमध्ये आतलं व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरतं, आणि वॅट वर्गाच्या हिशेबानं उतरतात. १९० भागिले २३० म्हणजे ०.८३, त्याचा वर्ग ०.६८. छप्पन वॅटचा असेंबल अँप अडतीसवर आला. उलट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला अडॅप्टर १९० लाही बाहेर तेच ४८ व्होल्ट देत राहतो. त्यामुळं व्होल्टेज पडणाऱ्या गावात माझं मत स्पष्ट आहे: अडॅप्टरवाला क्लास डी घ्या, नाहीतर असेंबलच्या किमतीत चांगल्या स्टॅबिलायझरची किंमत मिळवूनच तुलना करा. टिळकवाडी-हिंदवाडीत व्होल्टेज ठीक येत असेल तर हा फरक उरत नाही.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला अँप त्यावर गुरगुरतो. साइन वेव्ह असेल तर चालवा. आणि वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की अँपचा, रिसीव्हरचा प्लग काढा, आणि डिश किंवा केबलची वायरही काढा. प्लग काढून ती वायर तशीच ठेवणारे बरेच जण आहेत. वीज त्या वायरीनंही आत येते.

जोडणी

सगळं बंद ठेवूनच जोडा. प्री आऊटपासून अँपपर्यंत चांगली जाड आवरणाची आरसीए केबल, जितकी आखूड तितकी बरी. अँपपासून स्पीकरपर्यंत शुद्ध तांब्याची वायर. दहा मीटर लांबीला १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२३ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरला चालतं. ४ ओहमला २.५ ची वापरा. याच्या पुढची महागडी वायर घ्यायला कुणी सांगितलं तर चहा पिऊन परत या.

वर सांगितलेल्या छोट्या क्लास डी अँपची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यात स्पीकरची लाल आणि काळी, दोन्ही टोकं 'जिवंत' असतात. जुन्या सवयीनं दोन्ही चॅनेलांच्या काळ्या वायरी एकत्र बांधल्या, किंवा काळी वायर डब्याला जोडली, तर अँप जळतो. चार टर्मिनलांना चार वेगळ्या वायरी.

अँपवर व्हॉल्यूमचं बटण असेल तर ते एका जागी ठेवून वर चिकटपट्टी लावा, म्हणजे घरातली पोरं फिरवणार नाहीत. यापुढं आवाज फक्त रिसीव्हरवरून कमी-जास्त करायचा. चालू करताना रिसीव्हर आधी, अँप नंतर. बंद करताना अँप आधी. १२ व्होल्ट ट्रिगरची सोय दोन्हीकडं असेल तर एक बारीक वायर हे काम आपोआप करते.

मग रिसीव्हरसोबत आलेला माइक काढून कॅलिब्रेशन (स्पीकरच्या पातळ्या आपोआप जुळवणं) पुन्हा करा. हे टाळून चालत नाही: बाहेरचा अँप सिग्नल किती पटीनं वाढवतो ते रिसीव्हरच्या अँपपेक्षा वेगळं असतं, त्यामुळं पुढचे स्पीकर मागच्यांपेक्षा एकदम मोठे किंवा लहान वाटतील. कॅलिब्रेशननंतर पातळ्या वाचा. पुढच्यांना वजा १२ डेसिबल दिसत असेल तर रिसीव्हरची मर्यादा संपली. अँपचं बटण थोडं कमी करून माइक पुन्हा लावा.

गुणगुण आली तर

नवा अँप जोडल्यावर सगळ्यात जास्त तक्रार याचीच: सिनेमा थांबवला तरी स्पीकरमधून 'हूं' येत राहतं. पहिल्यांदा टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या मागची केबलची गोल पिन काढा. गुणगुण गेली तर कारण सापडलं: बाहेरून येणाऱ्या केबलचं अर्थिंग आणि घरातलं अर्थिंग वेगळं, आणि त्यांच्यामध्ये तुमचा अँप. केबल लाइनला लावायचा आयसोलेटर मिळतो, तो बसवा. गेली नाही तर अँपच्या आरसीए पिना काढून बघा. तरीही येत असेल तर दोष अँपच्या आत आहे, आणि आवाज जरा तिखट, भुणभुणता असेल तर बहुधा फिल्टरचे कपॅसिटर थकलेत. पिना काढल्यावर थांबली तर रिसीव्हर, टीव्ही आणि अँप एकाच बोर्डवर आणा.

प्लगची अर्थची पिन काढून टाकली की गुणगुण जाते, असं कुणीतरी सांगेलच. गुणगुण जाते हे खरं, पण सोबत जीव वाचवणारी वायरही जाते. पत्र्याच्या डब्याच्या अँपला हे कधीही करू नका. जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून ते करून घ्या. त्याचा फायदा फ्रिज आणि गिझरलाही होतो.

पावसाळा आणि खरेदी

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात आरसीएच्या पिना हिरवट होतात आणि खरखर सुरू होते. पिना काढून कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसा, पुन्हा घट्ट बसवा. आठवड्यातून एकदा तरी तासभर अँप चालवा, आतली ओल उडते. असेंबल डब्याच्या मागच्या फटींना बारीक जाळी लावा; उबेला पाल आत जाते आणि सप्लायच्या टर्मिनलवर मरते, मग फ्यूज का उडतो ते कळत नाही.

घ्यायचा कुठून? मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड आणि ऑनलाइन, तिन्हीकडं माल मिळतो. २०१७ पासून जीएसटी आल्यावर कर्नाटकातून घेतला काय आणि महाराष्ट्रातून घेतला काय, कराचा दर तोच. तेव्हा बघायचं ते वॉरंटीचं: बिघडला तर द्यायचा कुठं, कुरिअरचा खर्च कुणाचा, आणि अडॅप्टर वॉरंटीत धरलाय का. बऱ्याचदा अँपला वर्षाची वॉरंटी असते आणि अडॅप्टरबद्दल एक अक्षर नसतं, आणि आधी जातो तो अडॅप्टर. बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर मॉडेलसोबत अडॅप्टरचे व्होल्ट आणि अँपिअरही लिहून घ्या.